बोलण्याआधीचं कळणं

९ जानेवारी

प्रिय घारे,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील, घरी सगळं ठीक असेल अशी आशा करते. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी उठले की तेही कसेबसे उठतात.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू पत्र फाडलं नाहीस, म्हणून इथवर वाचते आहेस. पत्ता मधल्या काकूंकडून मिळवला. त्यांच्यावर चिडू नकोस. त्या तीनदा ‘नाही’ म्हणाल्या. चौथ्यांदा मी त्यांच्या दारातल्या पायरीवर बसकण मारली, तेव्हा शेजारीपाजारी काय म्हणतील या भीतीने त्यांनी तो कागदावर लिहून दिला आणि दार लावून घेतलं.

बातम्या सांगते. पाळणाघर चार वर्षांपूर्वी बंद केलं. तीस मुलांमागे धावणं झेपेना. घरी बसले आणि दोन महिन्यांत भिंतींना टोमणे मारायला लागले. मग नोकरी धरली. कुठे, तर विद्यापीठात. हस, मनसोक्त हस. दर परीक्षेला जिचं प्रगतिपुस्तक बाबा उलटं धरून वाचायचे, ती तुझी बहीण साठी गाठल्यावर विद्यापीठात जाते. रोज, ओळखपत्र गळ्यात घालून.

तिथे तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. दारावरची पाटी लांबलचक आहे, पण सगळे तिला ‘बाळांची खोली’च म्हणतात. भिंती राखाडी, पडदे राखाडी, बाळाचं लक्ष भलतीकडे जाऊ नये म्हणून. समोर एक मोठा स्क्रीन, आणि त्यासमोर खुर्चीत आईच्या मांडीवर बाळ. खोली ज्यांची आहे त्या बाई चाळिशीच्या. चष्मा डोक्यावर चढवतात आणि मग तोच सगळीकडे शोधत फिरतात. डॉक्टर आहेत, पण औषधं देणाऱ्या नव्हेत. बोलायला लागायच्या आधी बाळं जगाची मांडणी कशी करतात, हे त्या शोधतात. त्यांच्या हाताखाली एक कॅमेरावाला आहे. त्याला पूर्ण टक्कल आहे, आणि बाळांना त्या टकलाइतकं जगात दुसरं काही आवडत नाही, म्हणून बिचारा टोपी घालून पडद्यामागे बसतो. आणि तिसरी मी. बाळं रमवायची, दुपटी बदलायची, खेळणी धुवायची, आणि कोण रडलं, कोण झोपलं ते वहीत लिहायचं. मला सगळे काकू म्हणतात.

आता गंमत ऐक. सहा महिन्यांच्या बाळाला स्क्रीनवर मांजराचं चित्र दाखवतात. ते टक लावून बघतं. मग दुसरं मांजर, वेगळ्या रंगाचं. मग तिसरं, लठ्ठ. मग चौथं, झोपलेलं. दर वेळी बाळ थोडं कमी बघतं. सहाव्या मांजराला तर चक्क जांभई. आणि मग कुत्रा दाखवला की स्वारी ताठ! डोळे एवढाले!

पहिल्या आठवड्यात मी बाईंना म्हटलं, “कंटाळलं हो बाळ. दुसरं काही दाखवा.”

बाई म्हणाल्या, “काकू, तो कंटाळा हाच आमचा पुरावा. ते सहावं मांजर त्याने जन्मात पाहिलेलं नाही. तरी त्याला वाटतं, हे ओळखीचं आहे, हे आलं लक्षात. मांजर हा शब्द त्याच्याजवळ नाही, पण मांजरं सगळी एका जातीची आणि हा कुत्रा निराळा, एवढं त्याने मनाशी ठरवलंय.”

“न बोलता?”

“न बोलता.”

आईच्या डोळ्यांवर मात्र काळा चष्मा चढवतात. का, तर आईने चित्र पाहिलं की तिच्या मांडीला कळतं, आणि मांडीचं बाळाला कळतं. 

घारे, मी पंधरा-वीस वर्षं पाळणाघर चालवलं. शेकडो पोरं या हातांखालून गेली. मला वाटायचं, बोलायला लागेपर्यंत बाळ म्हणजे खाणं, झोपणं आणि शी. कळणं नंतर येतं, शब्दांबरोबर. हे मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर... जाऊ दे.

सध्या आमच्याकडे एक बाळ येतं. नऊ महिन्यांची मुलगी. गोल गरगरीत, म्हणून मी तिला गोटी म्हणते. बाप बस चालवतो. आई एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीला उभी असते, गुरुवारी सुट्टी असते तेव्हा घेऊन येते. गोटी स्क्रीनकडे बघतच नाही. दिव्याकडे बघेल, आईच्या गळ्याशी बोटं खुपसेल, हवेत बघेल. मांजर काय नि कुत्रा काय, तिला सारखंच. तीन गुरुवार झाले. तिन्ही वेळा वहीत मीच लिहिलं, ‘नोंद बाद’.

तिसऱ्या गुरुवारी तिची आई चपला घालताना थांबली. म्हणाली, “काकू, तुम्ही इतकी मुलं पाहिलीत. दवाखान्यात म्हणतात, वाट बघा. घरी म्हणतात, पोर ठोंब आहे. तुम्ही खरं सांगा. हिला कळतं ना?”

असाच प्रश्न मला पूर्वी एकदा कुणीतरी विचारला होता. तेव्हा मी फाडकन उत्तर दिलं होतं.

या वेळी म्हटलं, “मला माहीत नाही. मी बघते.”

तेव्हापासून बघते आहे.

तुझी लेक कशी आहे? आपली रुसूबाई? कुणी हाक मारली की तोंड फिरवून बसायची, म्हणून आपणच ठेवलेलं नाव. आता विशीची असेल. एवढं एक विचारायला मला इतकी पानं लागली. ‘आपली’ असं लिहून गेले. खोडत नाही.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी

प्रिय घारे,

आशीर्वाद. पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं. उत्तर आलं नाही, तेही मला मिळालं. तरी लिहिते आहे, कारण इथे जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बाळांच्या खोलीबाहेर एक बसायची जागा आहे. तिथे माझी टोपली असते, त्यात धुवून ठेवलेल्या वस्तू. गोटीला मी तिथे सतरंजीवर घेऊन बसले. चित्रांकडे न बघणारी ही पोर वस्तू मात्र हातात घ्यायची. लाकडी चमचा दिला, तिने तो बोटांनी टोकापासून टोकापर्यंत तपासला, चावला, फिरवला. मग स्टीलचा दिला. मग प्लास्टिकचा. मग मापाचा छोटा. प्रत्येक चमचा आधीच्यापेक्षा कमी वेळ हातात राहायचा. पाचवा तर तिने घेतला आणि टाकला, आपण नको असलेली जाहिरात टाकतो तसा. मग मी माझ्या पर्समधला केसांचा ब्रश दिला. अगं, ती थबकली! दोन्ही हातांनी धरला. दात मोजले. उलटा केला. सोडेचना. आणि या सगळ्यात एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. नजर आपली खिडकीकडे.

हाच तर तो कंटाळा! सहाव्या मांजराचा! फक्त डोळ्यांचा नव्हे, बोटांचा.

धावत बाईंकडे गेले. त्या कामात होत्या. “काकू, एका बाळावरून काही ठरत नाही,” म्हणाल्या. “आणि तुम्ही देताना चेहरा कसा केला असेल, आवाज कसा काढला असेल, कोण जाणे. विभागप्रमुखांना महिनाअखेर चाळीस पक्क्या नोंदी हव्यात. गोटीची जागा दुसऱ्या बाळाला देऊ.”

मी म्हटलं, “द्या. पण आधी पाच मिनिटं सतरंजीवर बसा.”

“आत्ता?”

“आत्ता. साडी मळत नाही, सतरंजी मी सकाळीच धुतलीय.”

पाच मिनिटांची वीस मिनिटं झाली. बाई बसल्या त्या उठेनात. शेवटी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आला. एकच वाक्य म्हणाल्या, “हे नीट करायला हवं.”

नीट म्हणजे कसं, ते बघून मी थक्क झाले. सुताराकडून एक छोटं टेबल करून घेतलं. त्याला जाड कापड जोडलं, ते बाळाच्या गळ्याशी बांधायचं, म्हणजे हात कापडाखाली आणि वस्तूही कापडाखाली. कुणाला काही दिसायचं नाही. आठ चमचे, सगळे वेगवेगळ्या मापांचे आणि वेगवेगळ्या कशाकशाचे. मग एक नवा चमचा आणि एक ब्रश. दुसऱ्या दिवशी उलट: आठ ब्रश, मग नवा ब्रश आणि एक चमचा, म्हणजे ब्रश जास्त मजेशीर म्हणून तिने धरला असं कुणी म्हणायला नको. वस्तू किती सेकंद हातात राहिली, ते कॅमेरावाल्याने मोजायचं.

आणि वस्तू देणार कोण? मी पुढे झाले, तर बाई म्हणाल्या, “काकू, तुम्ही बाहेर.”

“मी?”

“तुम्हाला ती जिंकायला हवी आहे. तुमच्या हातांना ते लपवता येणार नाही.”

अशी चिडले म्हणून सांगू! शोध माझा, सतरंजी माझी, आणि मीच दाराबाहेर. पण बाईंचं बरोबर होतं. ज्या बाईला उत्तर आधीच माहीत असतं, तिने मुलाची परीक्षा घेऊ नये. हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

बाहेरच्या बाकावर गोटीचा बाप बसला होता, बसच्या गणवेशात, मधल्या सुट्टीत आलेला. आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो. त्याने विचारलं, “नापास झाली तर?” मी म्हटलं, “तर टेबल नापास.” तो हसला, पण त्याचा गुडघा सारखा हलत होता.

पाऊण तासाने दार उघडलं. कॅमेरावाला टोपी विसरून बाहेर आला, टक्कल लखलखत. ओरडलाच, “नवा चमचा, चार सेकंद! ब्रश, एकतीस!”

दुसऱ्या दिवशी उलट. नवा ब्रश पाच सेकंद, चमचा अठ्ठावीस. तिसऱ्या दिवशी चेंडू आणि ठोकळे. तिन्ही वेळा गोटीने एकच सांगितलं: हे सगळे एका जातीचे, आणि हा निराळा. नऊ महिन्यांची, एक शब्द नाही तोंडात. गोटीला कळत होतं, घारे. पहिल्यापासून कळत होतं. आम्ही चुकीच्या ठिकाणी विचारत होतो.

मग बाईंनी तो प्रश्न विचारला, जो त्या दवाखान्यात कुणालाच सुचला नव्हता. “हिला इतकं कळतंय, तर ही बघत का नाही?”

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दोन्ही डोळ्यांचे नंबर एवढे मोठे, की चार बोटांपलीकडे तिला नुसते रंगाचे डाग दिसत असणार. बस्स, एवढंच. मांजर आणि कुत्रा तिच्यापर्यंत पोचतच नव्हते.

चष्मा आला त्या दिवशी आई तिला थेट आमच्याकडेच घेऊन आली. इवलासा चष्मा, मागे रबरी पट्टा. मी तो चढवला. गोटी आधी चिडली. मग गप्प झाली. मग समोर बघितलं, आईकडे. हसली नाही. डोळे मिटले, हात पुढे केला, आईचं नाक धरलं, गाल धरला, गळ्याजवळचं बटण धरलं. मग डोळे उघडले. पुन्हा मिटले. पुन्हा नाक. तिसऱ्यांदा डोळे उघडले आणि जी खिदळली! बोटांची आई आणि डोळ्यांची आई एकच, हे तिने पक्कं केलं होतं. कॅमेरावाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाई कॅमेरा चालू आहे का ते विचारायच्या ऐवजी नुसत्या नाक पुसत होत्या.

हे सगळं आनंदाचं. आता ते लिहिते, जे पहिल्या पत्रात टाळलं.

रुसूबाई दीड वर्षाची होती. माझ्याच पाळणाघरात, तू विश्वासाने ठेवलेली. बोलत नव्हती, टाटा करत नव्हती, कोपऱ्यात डबे आणि झाकणं घेऊन बसायची. एका दुपारी तू कामावर असताना तुझे सासरे आले. म्हणाले, “तुम्ही जाणकार. हिचं काही होईल का?” मी क्षणभरही थांबले नाही. म्हणाले, “फार आशा ठेवू नका. दुसऱ्या मुलाचं बघा.”

तुझ्या पाठीमागे मी हे म्हणाले. हे आजवर मी कुणालाही सांगितलं नाही. सगळ्यांना सांगत आले, की धाकटीचा गैरसमज झाला. गैरसमज कसला? मी तसं बोलले होते, शब्द न् शब्द. जाणकार म्हटल्यावर माझी मान एवढी ताठ झाली, की समोर कोण आहे ते दिसेना. त्या माणसाने ते वाक्य घरी नेलं आणि त्या घराने तुझ्या लेकीला ताटात उरलेल्या घासासारखं बाजूला सारलं.

दोन दिवसांनी भर दुपारी तू आलीस. लेकीला उचललंस, दुधाची बाटली उचललीस, आणि म्हणालीस, “ताई, तुझ्याकडे तीस मुलं आहेत. माझ्याकडे एकच आहे.” मग ते घरही सोडलंस. एकोणीस वर्षं झाली. एकटीने वाढवलंस तिला, आणि मी दारातसुद्धा आले नाही. आधी राग होता, मग लाज वाटायला लागली, आणि त्या दोन्हींत वर्षं गेली.

एक गोष्ट तुला माहीत नाही. माहीत असायचा हक्क आहे. ती झाकणं. रुसूबाई रोज फिरकीची झाकणं एका बाजूला लावायची आणि दाबून बसवायची दुसऱ्या बाजूला. रोज. एकही चुकायचं नाही. आणि मी रोज संध्याकाळी दोन्ही ढीग एकाच टोपलीत ओतायची, आणि पसारा आवरला म्हणून स्वतःवर खूश व्हायची. ती मला रोज सांगत होती. मीच अडाणी.

मी चुकले. पण-बिण काही नाही. चुकले.

बाईंनी आणखी चोवीस बाळांवर हा प्रयोग सुरू केला आहे, चांगल्या नजरेच्या आणि कमी नजरेच्याही. १२ एप्रिलला दुपारी तीन वाजता विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात त्या तो मांडणार. कुणालाही येता येतं. ये असं म्हणायला माझं तोंड नाही. नुसतं कळवते.

तुझी अपराधी,
ताई


१७ एप्रिल

प्रिय घारे,

आशीर्वाद, आणि या वेळी न घाबरता लिहिलेले.

तुझं कार्ड बारा तारखेच्या आधी दोन दिवस मिळालं. ‘पत्रं मिळाली. लेकीने वाचली.’ चार शब्द. मी ते इतक्या वेळा वाचलं, की पोस्टमनने दुसऱ्या दिवशी विचारलं, काकू, लॉटरी लागली का? म्हटलं, मोठी लागलीय.

सभागृहाचं सांगते, क्रमाने.

आधी नावावरून तंटा झाला. बाईंनी शोधनिबंधावर तीन नावं घातली: त्यांचं, कॅमेरावाल्याचं आणि माझं. विभागप्रमुख म्हणाले, “मदतनिसाचं नाव कुठे घालतात का? शेवटी आभार माना.” बाई म्हणाल्या, “सर, चाळीस नोंदी आपण सगळ्यांनी पाहिल्या. बाद नोंदीकडे बघणाऱ्या या एकट्याच होत्या. त्यांचं नाव काढायचं असेल तर माझंही काढा.” प्रमुख बराच वेळ पेन उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, “ठीक आहे.” आणि समारंभात तेच सगळ्यांना सांगत होते, की आमच्या विभागात प्रत्येकाला मान असतो! असू दे. नाव छापलं गेलं. आईने हौसेने ठेवलेलं, रेशन कार्ड नि ओळखपत्राशिवाय कुठेच न छापलेलं माझं नाव.

सभागृह भरलं होतं. बाई बोलल्या, छान बोलल्या, चष्मा न हरवता. चोवीसपैकी एकवीस बाळांनी निराळी वस्तू जास्त वेळ हातात धरली. न बघता, न बोलता. ज्यांना पाळणाघरातले लोक आणि घरचे लोक ‘मंद’ म्हणून मोकळे झाले होते, अशी चार बाळं त्या एकविसांत होती. हे सांगितलं तेव्हा सभागृह असं शांत झालं, की मागच्या रांगेतून गोटीचं “बाबाबाबा” सगळ्यांना ऐकू आलं. बापाच्या कडेवर होती, चष्म्यातून दिव्यांकडे बघत. लोक आधी हसले, मग टाळ्या सुरू झाल्या. बाईंनी मला ओढून व्यासपीठावर नेलं. मी पदर सावरू, की गुडघे सावरू, की रडू, काही कळेना. तिन्ही केलं.

मग प्रश्न. दोन-चार प्राध्यापकांनी स्वतःचंच भाषण केलं, शेवटी प्रश्नचिन्ह लावून. प्रमुख आटोपतं घेत होते, तेवढ्यात उजव्या बाजूला एक मुलगी उभी राहिली. एक हात कमरेवर, मान जराशी तिरकी. घारे, मी तिला दीड वर्षाची असताना शेवटचं पाहिलं होतं. चेहरा ओळखला असं म्हणणार नाही. पण ते उभं राहणं! बाबांशी भांडताना तू अशीच उभी राहायचीस.

ती म्हणाली, “माझा प्रश्न काकूंना आहे.”

प्रमुख म्हणाले, “शास्त्रीय प्रश्न असेल तर बाईंना...”

“नाही. काकूंनाच.” आवाज खणखणीत. “एखादं मूल बोलत नाही, म्हणून त्याला काही कळतच नाही, असं एखाद्या जाणकाराने ठरवलं आणि ते लोकांना सांगितलं. मग चूक लक्षात आली. तर त्या जाणकाराने काय करावं?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. माईक माझ्यासमोर आला. मी तो बाजूला सारला.

मी म्हटलं, “जिथे सांगितलं तिथे जाऊन परत सांगावं, की मी चुकले. आणि ते माणूस आता तिथे नसेल, तर जितक्या लोकांसमोर सांगता येईल तितक्यांसमोर सांगावं. ती चूक मी केलीय. माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलीबद्दल मी तसं बोलले. ती मुलगी दीड वर्षाची होती आणि मला वाटतं... नाही, वाटत नाही, मला माहीत आहे, की तिला तेव्हा माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.”

तीनशे माणसं होती.

तिने विचारलं, “एवढंच?”

“नाही,” म्हटलं, “तिच्या आईचं घर त्या वाक्याने मोडलं. त्याची भरपाई मला येत नाही. येत असती तर केव्हाच केली असती, असंही म्हणत नाही, कारण मी भित्री होते.”

“धन्यवाद. माझा प्रश्न संपला,” म्हणाली आणि बसली.

मला वाटलं, उठून जाईल. गेली नाही. चहाच्या वेळी गर्दीतून सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्यापेक्षा वीतभर उंच. चेहऱ्यावर काहीच नाही. मग एकदम म्हणाली, “मी कायदा शिकते. दुसऱ्या वर्षाला आहे. साक्ष ठीक होती, मावशी. फक्त मध्ये एकदा ‘वाटतं’ म्हणालात, तेवढं कच्चं होतं.”

“सुधारलं लगेच,” मी म्हटलं.

“हो, म्हणून सोडलं.”

मग जी बोलायला लागली! चहा गार झाला, बिस्किटं संपली, कॅमेरावाला खुर्च्या उचलायला लागला, तरी चालूच. साडेतीन वर्षांची होईपर्यंत म्हणे तोंडातून शब्द नव्हता. एका सकाळी तुला म्हणाली, “आई, ते बूट उलटे घातलेस.” पहिलंच वाक्य, आणि तेही चूक काढणारं! त्यानंतर गप्प बसलीच नाही. शाळेत पहिली, भांडणात पहिली, वादविवादात तर दुसऱ्याला संधीच नाही. मी नुसती बघत होते. घारे, काय पोर वाढवलीस गं! तिच्या पाठीशी उभं राहायला अख्ख्या घरात एकटी तू होतीस, आणि तेवढं पुरलं. जिंकलीस तू. मी व्यासपीठावर टाळ्या घेतल्या खऱ्या, पण एकोणीस वर्षं, कुठलंही टेबल न बनवता, कुणी सेकंद न मोजता, तू जे धरून ठेवलंस ते आम्हाला कळायला चोवीस बाळं लागली.

तिने सांगितलं, की तू पत्रांना हात लावला नाहीस. म्हणालीस, “मी नाही वाचणार. तुला वाचायचं तर वाच. मोठ्याने वाच.” आणि झाकणांचं पान तिच्याकडून तीनदा वाचून घेतलंस. तिसऱ्यांदा ऐकून म्हणालीस, “मला माहीतच होतं.” माझी चूक माफ केली असं काही म्हणाली नाहीस, हेही तिने सांगितलं. तिला मी विचारलं नव्हतं. ती आपणहून सगळं सांगते, वकील कशी होणार देव जाणे.

मी तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. नेमकी गोटीच्या बापाची बस आली. त्याने दार उघडलं आणि भोंगा वाजवला, दोनदा, माझ्यासाठी. ती पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, “अरे हो, आईचा निरोप राहिला. ती म्हणाली, ताईला सांग, रविवारी अकराला ये. पण तोंड बंद ठेवून ये. तिचं बोलून झालंय. आता मला बोलायचंय.”

बस गेली आणि मी थांब्यावर उभी राहून मोठ्याने हसले. लोक बघत होते. बघू देत.

येते, घारे. बरोबर अकराला येते. पायरीवर नाही बसणार, बेल वाजवेन. शिव्या द्यायच्या असतील तर दे, रडायचं असेल तर रड, एकोणीस वर्षांचं एकेक काढ. रविवार पुरला नाही तर सोमवारी रजा टाकीन. मध्ये एकदाही ‘पण’ म्हणणार नाही.

ऐकायला येणारी,
तुझीच ताई